कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर न्यावी का?

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक एकूण देय रकमेचा, दुसरा किमान देय रकमेचा. दुसरा आकडा बहुधा पहिल्याच्या विसाव्या हिश्शाएवढा असतो आणि ओढाताणीच्या महिन्यात नजर तिथेच थांबते. तेवढे पैसे भरले की विलंब शुल्क लागत नाही, वसुलीचे फोन येत नाहीत आणि सिबिलच्या नोंदीत हप्ता चुकल्याची खूण पडत नाही. व्याज मात्र उरलेल्या सगळ्या रकमेवर चालूच राहतं.

हे व्याज किती, ते रुपयांत पाहू. समजा, एक लाखाची थकबाकी आहे आणि दर महिना साडेतीन टक्के. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांचा दर तीन ते पावणेचार टक्क्यांच्या दरम्यान असतो. महिन्याचं व्याज झालं ३,५०० रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ६३० रुपये. दोन्ही मिळून ४,१३०. तुम्ही किमान रक्कम म्हणून ५,००० भरलेत, तर मुद्दल कमी झालं अवघं ८७० रुपयांनी. कार्डावर नवी खरेदी अजिबात न करता बारा महिने नेमाने पाच-पाच हजार भरले, तर खिशातून ६०,००० गेलेले असतील आणि वर्षअखेरीला ८६,८०० रुपयांच्या आसपास देणं तसंच उभं असेल.

गावाकडे व्याज शेकड्यावर मोजतात. शेकडा दोन रुपये म्हटलं तरी जुनी माणसं चपापतात. कार्डाचा दर शेकडा साडेतीन आहे, जीएसटी धरला तर चारच्याही वर. परवानाधारक सावकाराने किती व्याज घ्यावं याची कमाल मर्यादा महाराष्ट्रात सरकार ठरवून देतं. कार्डाच्या व्याजाला तशी मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये वार्षिक तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये रद्द केला. त्यामुळे कायदा येऊन हा दर खाली आणेल, या भरवशावर बसून उपयोग नाही. दर कमी करायचा तर देणं स्वतःच दुसरीकडे हलवावं लागतं.

नेमक्या अशा वेळी दुसऱ्या बँकेचा फोन येतो. ‘तुमच्या त्या कार्डाची थकबाकी आमच्या कार्डावर आणा, व्याज निम्म्याहून कमी.’ हाच बॅलन्स ट्रान्सफर. ही सोय खरी आहे आणि योग्य माणसाला तिचा चांगला उपयोग होतो. पण ती घ्यायची की नाही हे फोनवर ठरवू नये. कागद आणि पेन घेऊन अर्धा तास बसलं तर उत्तर स्वच्छ मिळतं.

व्यवहार नेमका काय असतो

तुमच्याकडे ‘अ’ बँकेचं कार्ड आहे, त्यावर एक लाख थकले आहेत. ‘ब’ बँकेचंही कार्ड आहे किंवा नव्याने मिळतंय. ‘ब’ बँक तुमच्या वतीने ‘अ’ कार्डाच्या खात्यात थेट पैसे भरते, बहुधा एनईएफटीने. आता ‘अ’चं देणं फिटलं आणि तुम्ही ‘ब’चे कर्जदार झालात, कमी दराने आणि ठरावीक मुदतीसाठी. एकाच बँकेच्या दोन कार्डांमध्ये ही अदलाबदल सहसा होत नाही.

योजनांचे ढोबळ दोन प्रकार दिसतात. पहिल्यात दोन-तीन महिने व्याज नाही किंवा अगदी नाममात्र आहे, पण सुरुवातीला प्रक्रिया शुल्क घेतात. दुसऱ्यात रकमेचे सहा, नऊ, बारा किंवा चोवीस हप्ते पाडून देतात आणि दरमहा एक ते पावणेदोन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. शुल्क बहुधा याही प्रकारात असतं. शुल्कावर जीएसटी, व्याजावरही जीएसटी. फोनवर बोलणारी व्यक्ती हा जीएसटी बहुतेक वेळा आपणहून सांगत नाही, म्हणून तो आपण विचारायचा.

अमेरिकेत राहणारा भाऊ किंवा भाचा सहज सांगून जातो की शून्य टक्क्यांचं कार्ड घे आणि दीड वर्ष निवांत फेड. तिकडे ते खरं आहे. तिथे तीन ते पाच टक्के शुल्क घेऊन बारा ते एकवीस महिने शून्य व्याज देणारी कार्डं मिळतात. भारतात शून्य व्याजाची मुदत असली तरी ती काही आठवड्यांची किंवा दोन-तीन महिन्यांची असते. तिकडचा सल्ला ऐकून इथला निर्णय घेऊ नये. इंटरनेटवरचे बरेच लेखही अमेरिकी वाचकांसाठी लिहिलेले असतात, तेही तसेच बाजूला ठेवावेत.

एक लाखाचा हिशेब

तुलना करताना मुदत सारखी धरायची, हा पहिला नियम. एक लाख बारा महिन्यांत फेडायचे असं ठरवू आणि तीन वाटा तपासू.

पहिली वाट म्हणजे आहे त्याच कार्डावर राहायचं, पण किमान रकमेचा नाद सोडून दरमहा ठरावीक मोठी रक्कम भरायची. साडेतीन टक्के अधिक जीएसटी धरला तर बारा महिन्यांत सुटका होण्यासाठी दरमहा १०,७३६ रुपये भरावे लागतात. वर्षभरात एक लाखावर जवळपास २८,८०० जादा जातात.

दुसरी वाट बॅलन्स ट्रान्सफरची. दरमहा दीड टक्का घटत्या शिल्लकीवर, बारा हप्ते, दोन टक्के प्रक्रिया शुल्क. हप्ता ९,१६८ रुपयांचा बसतो. वर्षाचं व्याज साधारण १०,०००, त्यावर जीएसटी १,८००, शुल्क जीएसटीसह २,३६०. एकूण खर्च १४,२०० रुपयांच्या जवळ. म्हणजे पहिल्या वाटेच्या मानाने साडेचौदा हजार वाचले. पगारदार घरात ही रक्कम लहान नाही.

तिसरी वाट म्हणजे बँकेकडून पंधरा टक्के दराने वैयक्तिक कर्ज घेऊन कार्ड फेडायचं. हप्ता ९,०२६, वर्षाचं व्याज ८,३००, शुल्क तेच दोन टक्के अधिक जीएसटी. एकूण खर्च १०,७०० रुपयांच्या आत. इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर लागतो, मग ते हप्त्यांत पाडलेलं का असेना. त्यामुळे कार्डावरचा ‘दीड टक्का’ आणि कर्जावरचा ‘दीड टक्का’ सारखे नसतात. कार्डाचा दीड टक्का प्रत्यक्षात पावणेदोनच्या किंचित वर जातो. ज्यांचा पगार नियमित आहे आणि सिबिलचा गुणांक चांगला आहे, त्यांनी दोन्ही भाव हातात घेतल्याशिवाय बॅलन्स ट्रान्सफरला होकार देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रक्कम लहान असेल तर? समजा ४०,००० थकले आहेत आणि पुढच्या दोन महिन्यांत बोनस किंवा येणं येणार आहे. त्याच कार्डावर राहून दोन समान भागांत फेडलंत तर व्याज आणि जीएसटी मिळून साधारण २,४८० रुपये जातील. वरच्याच दराने आणि शुल्काने दुसऱ्या कार्डावर नेलंत तर २,००० रुपये. पावणेपाचशे रुपयांसाठी नवं खातं, नवी कागदपत्रं आणि नव्या ड्यू डेटची आठवण ठेवायची. मी म्हणेन, नका करू. तीन महिन्यांच्या आत फिटणारं देणं जागेवरच फेडावं. शुल्काला किमान मर्यादा असेल, म्हणजे रक्कम कितीही लहान असली तरी अमुक रुपये लागणारच असतील, तर लहान रकमेला उरलासुरला फायदाही राहत नाही.

‘फक्त एक टक्का’ ऐकल्यावर

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून थोडं थांबून सांगतो. फोनवर दर नेहमी महिन्याचा सांगतात, कारण एक हा आकडा बाराच्या मानाने लहान वाटतो. त्यावर लगेच विचारा की हा एक टक्का घटत्या शिल्लकीवर आहे की मूळ रकमेवर सरसकट.

सरसकट असेल तर एक लाखावर वर्षाचे १२,००० व्याज आधीच धरून १,१२,००० चे बारा हप्ते पाडतात. हप्ता होतो ९,३३३. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत आहात. सहा महिन्यांनी निम्मं मुद्दल परत गेलेलं असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर भरत राहता. या व्यवहाराचा खरा वार्षिक दर निघतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास, वर जीएसटी वेगळाच. म्हणजे सरसकट एक टक्का हा घटत्या शिल्लकीवरच्या पावणेदोन टक्क्यांहून जरा महागच.

दराचे हे गुंते नको वाटत असतील तर एकच प्रश्न पुरतो. ‘पहिल्या दिवसापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत, शुल्क आणि जीएसटी धरून, माझ्या खिशातून एकूण किती रुपये जातील?’ हा आकडा ईमेलवर मागा. वैयक्तिक कर्जाच्या बाबतीत ऑक्टोबर २०२४पासून बँकेने मुख्य तथ्यांचं पत्रक देणं आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. कार्डाच्या अर्जासोबतही व्याजदर आणि आकार सांगणारं एक पानी पत्रक द्यावंच लागतं. लेखी आकडा द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी व्यवहार करू नये.

आणखी दोन बाबी त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. मध्येच पैसे हाताशी आले आणि उरलेलं देणं एकरकमी फेडायचं ठरवलं तर दंड किती? आणि एखादा हप्ता चुकला तर सवलतीचा दर टिकतो की कार्डाचा नेहमीचा साडेतीन टक्के लागू होतो? दोन-तीन महिन्यांच्या शून्य व्याजाच्या योजनेत तर दुसऱ्या प्रश्नावरच सगळं अवलंबून असतं. मुदत संपण्याच्या दिवशी पूर्ण पैसे तयार नसतील, तर उरलेली रक्कम नेहमीच्या दरात जाते आणि तुम्ही शुल्क भरून जिथून निघालात तिथेच परत येता.

आधी घरातले पैसे पाहा

आपल्या मराठी मध्यमवर्गीय घरांत एक गोष्ट फार आढळते. कार्डावर ऐंशी हजार थकलेले असतात आणि त्याच वेळी दोन लाखांची एफडी शांतपणे सात टक्के मिळवत असते. ‘एफडीला हात लावायचा नाही’ हा संस्कार चांगला आहे, त्यानेच अनेक घरं तगली आहेत. पण सात टक्के मिळवण्यासाठी बेचाळीस टक्के भरायचे, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. मुदतीआधी एफडी मोडली तर व्याजात साधारण अर्धा-एक टक्का कपात होते. लाखाला ते पाचशे ते हजार रुपये. कार्डावर ते लाख वर्षभर राहिले तर जाणारा पैसा आपण वर पाहिलाच. मोडवतच नसेल तर त्याच एफडीवर कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट घ्या. दर एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो आणि ठेव जागेवर राहते. बॅलन्स ट्रान्सफरच्या बहुतेक योजनांपेक्षा हे स्वस्त पडतं.

पीपीएफ खातं तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात असेल तर त्यावरही कर्ज मिळतं. मर्यादा दोन वर्षांपूर्वीच्या अखेरच्या शिलकीच्या पाव हिश्शाएवढी आणि व्याज पीपीएफच्या दराहून एक टक्का जास्त. छत्तीस महिन्यांत फेडायचं असतं. एलआयसीच्या जुन्या पारंपरिक पॉलिसीवरही कर्ज निघतं. कपाटातली कागदपत्रं एकदा काढून बघावीत, विसरलेली साधनं हाती लागतात.

नोकरदारांसाठी आपल्याकडची उत्तम सोय म्हणजे कर्मचाऱ्यांची सहकारी पतपेढी. एसटी, महापालिका, जिल्हा परिषद, शाळा, बँका, कारखाने, जवळपास सगळीकडे ती असते आणि सभासद असूनही अनेकांना तिची आठवण सणावाराला लाभांश मिळतानाच होते. तिचा दर कार्डापेक्षा खूपच कमी असतो आणि हप्ता थेट पगारातून कापला जातो. कापला जाणं हा मला मोठा फायदा वाटतो, कारण ज्या माणसाचं कार्ड थकलं आहे त्याला महिन्याच्या शेवटी स्वतःहून पैसे बाजूला काढणं अवघड गेलेलं असतं. अडचण एकच की सहकारी जामीनदार लागतात. त्यांच्या पगाराला झळ लागणार नाही याची खात्री असेल तरच त्यांची सही मागावी.

सोनं तारण ठेवणंही कार्डापेक्षा स्वस्त पडतं, पण त्यात एक धोका आहे. बऱ्याच योजनांत मुद्दल एकदम शेवटी भरायचं असतं. वर्षभर काहीच न भरता आलेल्या माणसाला शेवटी दागिना सोडवता येत नाही आणि तो लिलावात जातो. सोन्यावर कर्ज घेणार असाल तर दरमहा हप्ता भरायची योजनाच निवडा.

आणि दुसऱ्या बँकेत जाण्यापूर्वी आपल्याच बँकेला एक फोन करा. थकबाकीचे हप्ते पाडून द्यायची सोय बहुतेक बँका देतात. दर बॅलन्स ट्रान्सफरच्या जवळपासच असतो. कधी शुल्क कमी होतं आणि नवीन कार्डाची भानगड राहत नाही. ग्राहक जाणार असं दिसलं की बँक थोडी नमते, म्हणून दुसऱ्या बँकेचा लेखी भाव हातात ठेवून बोला.

मग कोणी न्यावी

एवढं सगळं तपासून घरात ठेव नाही, पतपेढी नाही, वैयक्तिक कर्जाचा दर चढा मिळतोय, थकबाकी पन्नास हजारांच्या वर आहे आणि फेडायला सहा ते अठरा महिने लागणार आहेत, अशा माणसाने बॅलन्स ट्रान्सफर जरूर करावा. त्याला एक अट आहे. हप्ता पगाराच्या दिवशी, घरखर्च सुरू होण्याआधी बाजूला निघाला पाहिजे. महिन्याचं भाडं, किराणा, मुलांची फी, आईवडिलांची औषधं हे सगळं कागदावर मांडा आणि उरलेल्या रकमेत तो हप्ता बसतो का ते बघा. बसत नसेल तर चोवीस हप्त्यांची योजना घ्या, थोडं जास्त व्याज गेलं तरी चालेल. हप्ता चुकून परत साडेतीन टक्क्यांवर जाण्यापेक्षा ते परवडतं.

ज्याची थकबाकी दर महिन्याला वाढतेच आहे, कारण खर्चच पगारापेक्षा जास्त आहे, त्याने मात्र हे करू नये. अशा घरात देणं दुसऱ्या कार्डावर गेलं की जुन्या कार्डावर लिमिट मोकळी होते आणि सहा महिन्यांत तीही भरते. आता दोन कार्डांची देणी. मी जी घरं कर्जात खोल गेलेली पाहिली, त्यांतली बरीचशी याच पायरीवरून घसरलेली आहेत.

कार्डाचं देणं घरात सांगितलेलं नसतं, हेही मी फार वेळा पाहिलं आहे. नवऱ्याचं बायकोला माहीत नसतं, मुलाचं आईवडिलांना. लपवलेलं देणं फेडताना माणूस हॉटेलिंग, कपडे, सहल यातलं काहीच थांबवू शकत नाही, कारण थांबवलं तर कारण सांगावं लागेल. बॅलन्स ट्रान्सफरचा अर्ज करण्यापूर्वी घरात सांगा. पहिला दिवस जड जाईल. पण त्यानंतर बारा महिने हप्ता घरातल्या सगळ्यांचा असेल.

अर्ज केल्यानंतर

नव्या बँकेला तुमच्या जुन्या कार्डाचा क्रमांक लागतो, कारण पैसे त्यात भरायचे असतात. पिन, सीव्हीव्ही किंवा जुन्या कार्डाच्या बँकेकडून आलेला ओटीपी लागत नाही. कोणी मागितला तर फोन ठेवून द्या, तो भामटा आहे. आलेल्या फोनवर हा व्यवहार करण्यापेक्षा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण फोन करावा किंवा बँकेच्या ॲपमधून अर्ज करावा.

मंजुरी मिळाली म्हणजे पैसे पोचले असं नाही. मध्ये काही दिवस जातात आणि त्या काळात जुन्या कार्डाची ड्यू डेट आली तर किमान रक्कम तुम्हालाच भरावी लागेल. जुन्या स्टेटमेंटमध्ये रक्कम जमा झाल्याचं डोळ्यांनी दिसेपर्यंत भरणं थांबवू नका. शिवाय जुन्या कार्डावर पैसे जमा होण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. लोक समजतात की खातं शून्य झालं, बिल उघडतही नाहीत, आणि मागे राहिलेल्या सातआठशे रुपयांवर विलंब शुल्क चढत जातं. पुढची दोन स्टेटमेंटं शेवटच्या पानापर्यंत वाचा.

मंजूर रक्कम बहुधा नव्या कार्डाच्या लिमिटच्या काही टक्क्यांपुरतीच असते. एक लाखाची लिमिट असेल तर पूर्ण लाख हलतीलच असं नाही. जेवढे हलतात तेवढे हलवा आणि मागे उरलेल्या महागड्या भागावर हाताशी येईल तो प्रत्येक रुपया आधी टाका.

नव्या कार्डावर खरेदी करू नका. पूर्ण बिल वेळेत न भरणाऱ्याला पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही. नवी खरेदीही पहिल्या दिवसापासून व्याज खाऊ लागते. जुन्या कार्डावर हाच प्रकार होत आला आहे, तिथे किराणासुद्धा साडेतीन टक्क्यांनी येत होता. हप्ते फिटेपर्यंत डेबिट कार्ड, यूपीआय आणि रोख यांवरच घर चालवा. नव्या कार्डाला बँक खात्यातून आपोआप भरणा लावून ठेवा, आणि तो लावताना पर्याय ‘एकूण देय रक्कम’ निवडा.

जुन्या कार्डाचं काय करायचं, यावर दोन मतं ऐकू येतात. चालू ठेवलं तर एकूण लिमिट मोठी दिसते आणि सिबिलच्या गुणांकाला त्याची मदत होते, हे खरं आहे. पण हातात राहिलं की वापरलं जाणार, असं स्वतःबद्दल वाटत असेल तर गुणांकाचे दहावीस अंक जाऊ द्या आणि कार्ड बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांनुसार सगळी देणी फिटलेली असतील तर बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते, न केल्यास बँकेला दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. मधला मार्गही आहे. ॲपमधून ऑनलाइन व्यवहार बंद करा आणि लिमिट कमी करून घ्या. ॲपमधला हा चालू-बंदचा खटका सगळ्या बँकांनी ऑक्टोबर २०२०पासून दिलेला आहे, वापरतं मात्र फारसं कोणी नाही.

सिबिलची काळजी अनेकांना वाटते. नव्या कार्डासाठी अर्ज केला की चौकशीची नोंद होते आणि गुणांक किंचित उतरतो, काही महिने नियमित हप्ते गेले की सावरतो. एकाच आठवड्यात पाच बँकांकडे अर्ज करणं मात्र टाळा, ती घाईची खूण समजली जाते. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. देणं हलवल्यावर तीन-चार महिन्यांनी तो मागवा आणि जुन्या खात्यावर शून्य शिल्लक दिसते का ते पाहा.

ज्यांना कुठलाही हप्ता झेपणार नाही अशी वेळ आली आहे, नोकरी गेली आहे किंवा घरात मोठं आजारपण आहे, त्यांनी बॅलन्स ट्रान्सफरच्या मागे लागू नये. ड्यू डेट चुकण्यापूर्वी बँकेला लेखी कळवून हप्ते पुन्हा बांधून मागावेत. ‘सेटलमेंट’ करून थोड्या पैशांत मोकळं करतो असं वसुलीवाला म्हणाला, तर हे लक्षात ठेवा की अशा खात्यावर सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, ‘क्लोज्ड’ असा नाही, आणि पुढची अनेक वर्षं गृहकर्ज मागताना तो आडवा येतो. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला परवानगी नाही. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. त्यांचा मदत क्रमांक १४४४८ आहे.

या महिन्याचं स्टेटमेंट काढा. त्यावर थकबाकी, महिन्याचा व्याजदर आणि गेल्या महिन्यात व्याज-जीएसटीपोटी गेलेली रक्कम या तिन्हींभोवती पेनाने गोल करा, आणि पुढची ड्यू डेट येण्याआधी एफडीवर कर्ज, पतपेढी, वैयक्तिक कर्ज आणि बॅलन्स ट्रान्सफर यांतल्या निदान दोहोंचा एकूण रुपयांतला भाव लेखी मागवून घ्या.